जैनाबादला आपलं काय आहे?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



येत्या रविवारी तापी ओलांडून जैनाबादला जायचं, आहूखाना पाहायचा, वेळ उरला तर संगमावरची राजाची छत्रीही पाहून यायची, असा निरोप ग्रुपवर टाकला होता. वीसेक जणांनी लगेच हात जोडले, तिघाचौघांनी डब्यात काय आणायचं ते विचारलं, आणि मग एका ज्येष्ठांचा एका ओळीचा मेसेज आला : "तिथं आपलं काय आहे?"

त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. काही लिहून लगेच पुसलंही गेलं. ॲडमिननी दोन दिवस ग्रुप बंद ठेवला ते बरंच केलं. पण प्रश्न मात्र बंद करण्यासारखा नाही. रोज सकाळी आपण 'मी' आणि 'माझं' सुटावं म्हणून बसतो, आणि नदीपलीकडच्या एका गावाला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न 'आपलं काय' हाच येतो. तो प्रश्न ज्यांनी विचारला त्यांचे आभारच मानायला हवेत, कारण इतरांच्या मनात तो होताच, त्यांनी फक्त लिहिला. म्हणून या महिन्याचं पत्र त्याच्यावरच.

मागं आपण रावेरखेडीला गेलो होतो, तिथूनच सुरुवात करू. नर्मदाकाठचं लहानसं गाव. २८ एप्रिल १७४० रोजी थोरले बाजीराव पेशवे तिथं तापानं गेले, वय पुरतं चाळीसही नव्हतं. समाधीसमोर उभं राहिल्यावर आपल्यातल्या कित्येकांचे डोळे भरून आले होते. 'तिथं आपलं काय आहे' असं त्या वेळी कुणीही विचारलं नाही. आता शांतपणे विचार केला तर रावेरखेडीला तरी आपलं काय होतं? आपल्यापैकी कुणी भट घराण्यातलं नाही. बरीचशी घरं विणकामाच्या निमित्तानं आलेली, काही रेल्वेच्या नोकरीत येऊन इथंच राहिलेली, काही रावेर-यावलकडून शेतीच्या वाटणीनंतर सरकलेली. ज्या बाजीरावांसाठी आपण रडलो त्यांच्या फौजेत आपले पूर्वज घोड्यावर होते, की घोडदौडीखाली ज्यांचं पीक तुडवलं गेलं त्यांच्यात होते, हे आपल्याला ठाऊकही नाही. तरी डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं. पण त्यातून एक गोष्ट कळते : 'आपलं' ही त्या जागेत पुरून ठेवलेली वस्तू नसते. ती आपण इथून नेतो आणि तिथं ठेवतो. भाषा, लहानपणी ऐकलेल्या गोष्टी, शाळेतला धडा, घरातली तसबीर, अशी शिदोरी घेऊन जातो, समाधीवर सोडतो, आणि वाटतं की समाधीनंच आपल्याला हाक मारली.

म्हणजे ममत्व सापडत नाही, ठेवलं जातं. शास्त्रात हे सगळीकडे सांगितलेलं आहे, आपण ते घर, पैसा, मुलंबाळं यांना लावून पाहतो. इतिहासाला लावून पाहत नाही. इतिहासातलं 'माझं' आपल्याला ममत्व वाटतच नाही, ते कर्तव्य वाटतं.

आता जैनाबादकडे वळू.

बऱ्हाणपूर तापीच्या उत्तर तीरावर, जैनाबाद समोर दक्षिण तीरावर. या दोन्ही गावांची नावं कुठून आली हे आपल्यातल्या तरुण मंडळींना माहीत नसतं, आणि गुरुभक्तांना तर ते माहीत असायलाच हवं. बऱ्हाणपूर हे नाव शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यावरून. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य, दौलताबादेला आले, १३३७ मध्ये गेले, कबर खुलताबादेला. जैनाबाद हे नाव शेख झैनुद्दीन यांच्यावरून, ते बुऱ्हाणुद्दीनांचे शिष्य. जुन्या तवारिखांत गोष्ट अशी येते की फारुकी घराण्याच्या नासिरखानानं असीरगड घेतल्यावर झैनुद्दीन त्याला भेटायला तापीकाठी आले. खानानं जहागीर देऊ केली. फकिरानं नको म्हटलं. मग एका तीरावर गुरूच्या नावाचं शहर वसलं आणि दुसऱ्या तीरावर शिष्याच्या नावाचं गाव. काळाचा हिशेब मांडला तर ही गोष्ट नीट बसत नाही, झैनुद्दीन नासिरखानाच्या आधीच गेलेले दिसतात. पण नावं खरी आहेत आणि दोन्ही गावं अजून समोरासमोर आहेत. सहाशे वर्षं आपण ज्या शहरात राहतो त्याच्या नावात एक गुरू आहे, आणि नदीपलीकडं त्याचा शिष्य उभा आहे. बँकेच्या पासबुकावर, आधारकार्डावर, रेल्वेच्या तिकिटावर आपण रोज ते नाव वागवतो. तेव्हा 'तिथं आपलं काय' याचं पहिलं उत्तर तर पत्त्यातच आहे. आता त्यांचा पंथ वेगळा, उपासना वेगळी, हे कुणी नाकारत नाही. पण देऊ केलेली जहागीर नको म्हणणं ही रीत आपल्या परंपरेला अनोळखी आहे का?

आहूखाना गावाबाहेर शेतांच्या बाजूला आहे. आहू म्हणजे फारसीत हरीण. हरणं राखायची, शिकारीची आणि विहाराची बाग होती ती. आज भिंती, कमानी, बारादरी एवढं उरलं आहे. ताजमहाल डोळ्यांसमोर ठेवून जाणाऱ्याची निराशा होते, हे आधीच सांगून ठेवतो. पण मुमताजमहलची पहिली कबर आग्र्याला नाही, या जैनाबादच्या बागेत होती.

१७ जून १६३१. शाहजहान त्या वेळी खानजहान लोदीच्या बंडाच्या आणि दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपूरला तळ देऊन होता. तापीवर जो किल्ला आपण शाही किल्ला म्हणतो, तिथं मुमताजला मुलगी झाली आणि ती गेली. तापी ओलांडून तिला या बागेत पुरलं. सुमारे सहा महिन्यांनी, डिसेंबरात, शहजादा शुजाबरोबर तिचं शव आग्र्याला नेलं. पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे.

प्रेमाची अमर कहाणी म्हणून हे इतक्यांदा ऐकलं आहे की त्यातली बाई दिसेनाशी झाली. आपल्या सत्संगातल्या एक ताई आरोग्य विभागात तीस वर्षं होत्या, गावोगाव बाळंतपणं केलेली आहेत त्यांनी. ग्रुपवर वाद चालू असताना त्यांनी एवढंच लिहिलं : "चौदावं बाळंतपण होतं ते. एकोणीस वर्षांत चौदा." बघा, सगळा वाद त्या ओळीनं कसा उघडा पडतो. १६१२ मध्ये लग्न, १६३१ मध्ये मृत्यू, चौदा मुलं, त्यातली सात जगली. जे शेवटचं मूल बऱ्हाणपूरला जन्मलं ती मुलगी गौहरआरा, ती १७०६ पर्यंत जगली. आईशिवाय पंचाहत्तर वर्षं. तिच्याविषयी आपण कधी काही ऐकतो का? बाळंतपणात गेलेली बाई आपल्यापैकी किती घरांत आहे! पणजी, आत्या, कुणाची थोरली बहीण. भिंतीवर फोटोसुद्धा नाही तिचा, कारण फोटो काढायची वेळच आली नव्हती. आहूखान्यात आपलं काय आहे याचं दुसरं उत्तर त्या ताईंच्या ओळीत आहे. ते आम्ही शोधलेलं नाही.

आणखी एक गोष्ट त्याच वर्षातली आहे, ती सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही.

१६३० चा पाऊस गेला. गुजरात, खानदेश, दख्खन, सगळीकडं. दोन वर्षं असा दुष्काळ पडला की त्याची आठवण पुढं शेकडो वर्षं राहिली. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी सुरतेहून आग्र्याला जाताना त्याच सुमारास बऱ्हाणपुरावरून गेला. वाटेवर पडलेल्या प्रेतांचं त्यानं केलेलं वर्णन वाचवत नाही. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की बादशहानं बऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरत इथं लंगर उघडले आणि बऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये वाटले, साराही काही अंशी माफ केला. म्हणजे ज्या किल्ल्यात एक राणी प्रसववेदनेत होती त्याच्या भिंतीबाहेर भाकरीसाठी रांग होती.

आणि तोच दुष्काळ तिकडं इंद्रायणीकाठी देहूत होता. तुकोबारायांची थोरली बायको रखुमाई त्या दुष्काळात अन्नावाचून गेली. मुलगा संतूही गेला. दुकान बसलं, गुरं मेली. तुकोबा तेव्हा ऐन विशीत होते.

एकाच दुष्काळाच्या सावलीत दोन माणसांची बायको गेली, एक बऱ्हाणपुरात, एक देहूत. दोघांच्याही पुढच्या आयुष्याला त्यानं वळण लागलं. एकानं बायकोसाठी जे बांधलं त्याचा खर्च लाहोरीनं ५० लाख रुपये नोंदवला आहे. दुसऱ्यानं, परंपरा सांगते, लोकांकडून येणं असलेल्या कर्जाच्या कागदांतले आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडून दिले, भावाचे भावाला दिले.

इथं आपल्याला लगेच टाळी वाजवावीशी वाटते : बादशहानं दगड रचला, संतानं हात मोकळे केले! प्रवचनात हे चांगलं शोभेल. पण आम्हाला ती तुलना पूर्ण मान्य नाही. दुःखाची स्पर्धा लावायला आपण कोण? बादशहाचे केस त्या शोकात लवकर पांढरे झाले असं लिहून ठेवलेलं आहे, आणि ते खोटं मानायला आपल्याकडं कारण नाही. शिवाय तुकोबांना मोठं करण्यासाठी दुसऱ्या कुणाचं दुःख लहान करावं लागत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की रखुमाईसाठी रडायचं आणि मुमताजच्या बागेकडं पाठ फिरवायची, हे ज्याला जमतं त्यानं रखुमाईसाठी तरी खरोखर रडायला हवं होतं, ते तसं नसावं. रखुमाईसाठी रडणाऱ्याला तापीपलीकडची बाई परकी कशी वाटेल? दोघींच्या मधोमध त्या दोन वर्षांत जी हजारो माणसं रस्त्यावर मेली, त्यांची तर ना कबर ना अभंग. तापीचा काठ, सुरतेकडचा रस्ता, हा सगळाच त्यांची जागा आहे. रोज स्कूटरवरून आपण तिथूनच जातो.

आता अवघड भाग.

एका तरुण गुरुबंधूनं लिहिलं की ही सगळी करुणा एकीकडून का वाहते? औरंगजेबानं १६७९ मध्ये जिझिया लावला, १६८९ मध्ये संभाजी महाराजांना हालहाल करून मारलं. तो औरंगजेब खुलताबादेला ज्यांच्या पायाशी पुरला आहे ते हेच झैनुद्दीन, ज्यांच्या नावाचं हे गाव. साक्षीभाव, साक्षीभाव म्हणत तटस्थ राहायचं म्हणजे मारणाऱ्याच्या बाजूनं उभं राहायचं, असं त्याचं म्हणणं. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. साक्षीभावाच्या नावाखाली पुष्कळ भित्रेपणा खपतो, आपल्याकडंही खपलेला आहे. शेजारी सुनेला मारहाण होत असताना 'ज्याचं त्याचं प्रारब्ध' म्हणून दार लावून घेणारे साधक आम्ही पाहिले आहेत.

तेव्हा स्पष्ट लिहितो. विसरा असं सांगायला हे पत्र नाही. संभाजी महाराजांचं जे झालं ते क्रूर होतं, आणि ते क्रूर होतं असं म्हणायला साधकाची कुठलीही पायरी आड येत नाही. पतंजलींनी मैत्री, करुणा, मुदिता यांच्याबरोबर उपेक्षा सांगितली आहे. ती दुष्कर्माच्या बाबतीत सांगितली. मराठीत आपण उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष समजतो, तसं ते नाही. वाईटाला वाईट म्हणून ओळखायचं, आणि तरी त्याच्या आगीत आपलं मन जाळू द्यायचं नाही, असा तिचा अर्थ आहे. जाळू द्यायचं नाही, कारण जळणारं मन पुढं चुकीच्या माणसाला चटका देतं. १६३१ मध्ये बाळंतपणात गेलेल्या बाईनं १६७९ चा जिझिया लावला नव्हता. आज जैनाबादेत केळीला पाणी देणाऱ्या माणसानं तर नाहीच नाही. हिशेब ज्याचा त्याच्या खात्यावर मांडावा, एवढा साधा व्यापारी न्याय आहे हा.

पण व्यापारी न्याय लावायचाच तर तो आपल्या वहीलाही लावावा लागतो. १६८१ च्या जानेवारीअखेर हंबीरराव मोहित्यांच्या फौजेनं बऱ्हाणपुरावर झडप घातली. बहादरपूर आणि तटाबाहेरच्या इतर पुऱ्यांतल्या पेढ्या, सराफी, गोदामं तीन दिवस लुटली, जाळली. शाळेत हे शिकताना आपली छाती फुगते, आजही फुगते. शत्रूच्या पैशाची नाडी तोडायची होती, आणि ते करणं सोपं नव्हतं. त्यानंतर शहरातल्या मौलवी-प्रतिष्ठितांनी बादशहाला लिहिलं की जीव, मालमत्ता, अब्रू सुरक्षित नसेल तर शुक्रवारचा नमाज आम्ही बंद ठेवू. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बऱ्हाणपूरला आला, आणि दख्खनमधून पुन्हा उत्तरेला गेलाच नाही.

आपल्यातली तीन घरं बहादरपूरची आहेत. त्यांनी छाती फुगवायची की घर वाचवायला धावायचं? ही थट्टा नाही. आपण बऱ्हाणपूरचे मराठी लोक आहोत, आपल्याला दोन्ही बाजूंनी वारसा आहे. लुटणाऱ्यांची भाषा आपली, लुटलेलं गाव आपलं. पुण्या-साताऱ्याच्या माणसाला ही अडचण नाही, ती आपल्यालाच आहे, आणि आमच्या मते ती अडचण म्हणजे आपल्यावर झालेली कृपा आहे. हंबीररावांचं शौर्य आपल्या खाती जमा करायचं असेल तर जळालेल्या दुकानांची रक्कम नावे कुणाच्या लिहायची? जमा आपली, नावे लोकांची, अशी वही कुठला मुनीम लिहीत नाही. एक तर दोन्ही बाजू घ्याव्या, नाहीतर म्हणावं की त्यांनी जे केलं ते त्यांचं, चांगलंही त्यांचं आणि वाईटही. दोन्हींतलं कोणतं बरोबर, यावर आमच्यात अजून एकमत नाही. आमच्यातले काही म्हणतात की अभिमान सोडला तर माणूस मुळापासून तुटतो. काही म्हणतात की साधनेला बसल्यावर ते मूळही सोडायचंच आहे. एकमत झाल्याचा देखावा करून लिहिण्यात अर्थ नाही. पण अर्धी वही लिहू नये, एवढ्यावर मात्र कुणाचं दुमत नव्हतं.

अर्ध्या वहीचं काय होतं ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. २०२५ च्या मार्चमध्ये 'छावा' सिनेमा आल्यानंतर असीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री टॉर्च घेऊन मोगलांचं सोनं शोधायला खणत होते. मेटल डिटेक्टर घेऊनही आले होते. ज्या सिनेमानं थिएटरात लोक ढसाढसा रडले, त्यातून काही आठवड्यांत खड्डे निघाले. आम्ही त्या लोकांना हसत नाही. मजुरी किती मिळते ते आपल्याला ठाऊक आहे. पण जुन्या जागेकडं 'आपलं काय' म्हणून जाण्याचं ते शेवटचं टोक आहे. कुणी तिथं सोनं शोधतो, कुणी अभिमान, कुणी सूड, कुणी प्रेमकहाणी, कुणी रीलसाठी चांगला उजेड. सगळेच काहीतरी काढून न्यायला जातात. तिथं जे आहे ते बघायला फार थोडे.

आपले महाराज कुठल्याही नव्या गावात गेले की आधी तिथलं पाणी मागत. चहा नाही, सरबत नाही, साधं पाणी. पाणी प्याल्याशिवाय गावाबद्दल बोलू नये, असं त्यांचं असे. आम्हाला तेव्हा वाटायचं की ही वयस्कर माणसाची सवय. हल्ली कुंडी भंडाऱ्याचा विचार करताना ते आठवतं. अब्दुर्रहीम खानखानान इथं सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, ही पाण्याची योजना झाली. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, विहिरींची रांग जोडत, कुठलंही यंत्र न लावता शहरापर्यंत आणलं. चारशे वर्षांनंतरही त्यात पाणी वाहतं. खानखानान म्हणजे दोहे लिहिणारे रहीमच. आपल्यातले किती जण लहानपणापासून ते पाणी प्याले आहेत! तेव्हा कुणी विचारलं नव्हतं की यात आपलं काय. तहान लागली होती.

जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, शके १५११ चा, तिथी-नक्षत्रांसह. पंचांग बघणाऱ्या आपल्या मंडळींनी तो एकदा उभं राहून वाचावा. जाता जाता सांगितलं, कारण रविवारी तिकडं जायचं नाही.

रविवारी राजाची छत्री मात्र पाहायची आहे. मोहना आणि तापीच्या संगमावर मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांकडून तेवीस किल्ले घेणारे तेच. दख्खनच्या सुभ्यावरून परत बोलावल्यावर वाटेत, १६६७ मध्ये, इथं बऱ्हाणपुरात गेले. आता हे 'आपले' की 'त्यांचे'? धर्मानं आपले, चाकरीनं त्यांचे, तहाच्या दिवशी शत्रू, आणि शिवाजी महाराजांना आग्र्याला जायला राजी करून सुरक्षिततेचा शब्द देणारेही तेच. आपल्या दोन रकान्यांच्या वहीत त्यांना कुठं लिहायचं? संगमावर बसून ज्याला उत्तर सापडेल त्यानं पुढच्या पत्रासाठी लिहून पाठवावं, आम्ही छापू.

जैनाबादच्या त्याच बागेची आणखी एक गोष्ट सांगतात. औरंगजेब शहजादा आणि दख्खनचा सुभेदार असताना या आहूखान्यात हिराबाई नावाच्या गायिकेवर भाळला. ती आंबा तोडायला झेपावली, आणि हा पाहतच राहिला म्हणे. तिला पुढं जैनाबादी याच नावानं ओळखू लागले. पुढं एकदा तिनं त्याच्या हाती मद्याचा प्याला दिला. आयुष्यात न प्यालेला हा माणूस तोंडाला लावणार, एवढ्यात तिनंच तो काढून घेतला. ती लवकर गेली. गोष्टीत खरं किती आणि तिखटमीठ किती कोण जाणे. पण ज्याचं नाव काढलं की आपल्या कपाळावर आठ्या येतात, तोही कधीतरी एका आंब्याच्या झाडाखाली भान हरपून उभा होता, ही कल्पना आपल्याला नकोशी का वाटते? त्यानं त्याचा गुन्हा कमी होत नाही. आपला त्याच्यावरचा राग थोडा अवघड होतो, एवढंच. राग अवघड झालेला साधकाला परवडतो, सोपा राग परवडत नाही.

आता रविवारविषयी.

सकाळी सात वाजता राजघाटावर जमायचं आहे. नामस्मरण तिथंच होईल, आहूखान्यात मोठ्यानं काही म्हणायचं नाही. ज्यांना ते ठिकाण कबरीचं म्हणून घरच्या सोवळ्यात बसत नसेल त्यांनी घाटावरच थांबावं. त्यांच्यासाठी एक गुरुबंधू थांबणार आहेत, त्यांना कुणी टोमणा मारू नये. ज्यांच्या मनात राग आहे त्यांनी राग घेऊन यावं, घरी ठेवून आल्याचं नाटक करू नये. भिंतीवर नाव, बदाम, तारीख, काही लिहायचं नाही. लिहिलेलं दिसलं तर नखानं खरवडायलाही जायचं नाही, त्यानं चुना निघतो. पडलेला विटेचा तुकडासुद्धा आठवण म्हणून उचलायचा नाही. फोटो काढावेत, पण आधी दहा मिनिटं मोबाईल खिशात ठेवून नुसतं बसावं.

गावातली माणसं भेटतील, त्यांच्याशी बोलावं. पाणी विचारलं तर नाही म्हणू नये.

आरोग्य विभागातल्या ताई आदल्या दिवशी गुलाबाची थोडी फुलं आणणार आहेत. ती मुमताजसाठी की आपापल्या घरच्या बाईसाठी, हे ज्यानं त्यानं ठरवावं. ज्यांना अशा कुणाचं नाव घ्यायचं असेल त्यांनी ते शनिवारी रात्रीपर्यंत ताईंना सांगून ठेवावं. नाव माहीत नसेल तर 'पणजी' किंवा 'आत्या' एवढं सांगितलं तरी चालेल.

डबा : भाकरी, पिठलं, ठेचा. गोड कुणी आणू नये, परतताना बाजारात जिलबी घेऊच. रिकाम्या बाटल्या आणि पत्रावळी आपल्या पिशवीत परत आणायच्या आहेत. पिशव्या आम्ही देऊ.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥